नाक, कंठ आणि प्रकाशाची सुरी

मनुष्याची अब्रू शरीराच्या कोणत्या भागांत राहते असा प्रश्न एखाद्या परक्यानें मराठी भाषेला विचारला, तर ती क्षणाचाहि विलंब न लावतां मानेपासून वरच्या भागाकडे बोट दाखवील. कुळाचें नाक जातें, नाक राहतें, नाक कापलें जातें; लाज वाटली म्हणजे मान खालीं जाते, अपराध घडला म्हणजे तोंड दाखवितां येत नाहीं, आणि दुःख अनावर झालें म्हणजे गळा दाटतो. हात तुटलेला किंवा पाय गेलेला मनुष्य दुबळा ठरतो. परंतु नाक, जबडा किंवा आवाज गेलेला मनुष्य समाजाच्या पंक्तींतूनच उठतो. ह्यामुळें डोकें व मान ह्या भागांवर शस्त्र चालविणाऱ्या वैद्याचें काम इतर शस्त्रवैद्यांच्या कामाहून निराळें आहे. पोटांतील गांठ काढणाऱ्यास रोगी जगला कीं नाहीं एवढेंच लोक विचारतात. ह्याला त्याखेरीज आणखी एक प्रश्न विचारला जातो : काय शिल्लक ठेवलेंत?

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं शस्त्रवैद्यांनीं जी धडपड केली तिचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. घशाच्या व तोंडाच्या शस्त्रक्रियांत आज लेसर नांवाच्या प्रकाशाच्या सुरीचा फार बोलबाला आहे. 'लेसरनें केलें' असें सांगतांना रोग्याच्या नातलगांच्या स्वरांत एक प्रकारचा विश्वास असतो, जणूं लोखंडाच्या जागीं प्रकाश आला म्हणजे रोग आपण होऊन पळून जातो. ही सुरी काय करते, काय करूं शकत नाहीं आणि ती आपल्यापर्यंत कशी आली हें समजून घेतलें तर तो विश्वास डोळस होईल. ह्या इतिहासाच्या दोन टोकांना महाराष्ट्रांतलींच दोन गांवें उभीं आहेत, पुणें आणि बारामती, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. तेथून निघून आपण शेवटीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर येऊं. कारण शस्त्राची परीक्षा तें जेथें घडतें तेथें होत नाहीं, जेथें त्याची गरज असते तेथें होते.

इ. स. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजांच्या सैन्याबरोबर कावसजी नांवाचा एक बैल हांकणारा होता. इंग्रजी वृत्तांतांत त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलें आहे. तो टिपूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. त्या स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. कंपनी सरकारनें त्याला पेन्शन दिलें. परंतु पेन्शनानें नाक येत नाहीं. सुमारें एक वर्ष तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानें त्याला नवें नाक बसवून दिलें. हा माणूस वीटा करणाऱ्या जातींतला होता, एवढीच त्याची ओळख छापून राहिली आहे. त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं.

त्यानें केलेली क्रिया मात्र बारकाईनें लिहिलेली आहे. प्रथम त्यानें मेणाचा एक पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्याभोंवतीं रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाचें कातडें सोडविलें, पण दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी जोडलेली तशीच ठेवली. बुंध्यावरची जुनी, भरून आलेली कड तासून ताजी केली, तींत खांच पाडली, आणि कपाळाचें कातडें अर्धा पीळ देऊन खालीं उतरवून त्या खांचेंत बसविलें. पाण्यांत मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या व त्यांनीं सांधा धरून ठेविला. चार दिवस त्यांना हात लावला नाहीं. नंतर त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवण्यांत आलीं. पांच-सहा दिवस रोग्याला उताणें निजविलें. नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून दहाव्या दिवशीं त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवें कातडें आपल्या नव्या जागीं जीव धरून राहिलें असें दिसल्यावर, डोळ्यांमधली ती पट्टी कापली.

सर्व मर्म त्या पट्टींत आहे. कापलेलें कातडें नुसतें उचलून दुसरीकडे चिकटविलें तर तें बहुधा मरतें. पण मुळाशीं जोडलेलें राहिलें तर त्या मुळांतून त्याला रक्त मिळत राहतें आणि तोंपर्यंत नव्या जागेचें रक्त त्याच्यांत शिरूं लागतें. झाडाची फांदी न तोडतां तिची दाब कलम करणाऱ्या बागाइतदाराला हा विचार सहज समजेल. सुश्रुतसंहितेंत नाक सांधण्याचा विधि सांगितलेला आहे. परंतु त्यांत झाडाच्या पानानें माप घेऊन गालाचें कातडें घ्यावयास सांगितलें आहे. पुण्याच्या कारागिरानें पानाच्या जागीं मेण आणि गालाच्या जागीं कपाळ घेतलें. म्हणजे ग्रंथ आणि हात ह्यांच्या मध्यें कित्येक पिढ्यांचा अनुभव पडलेला होता, व तो अनुभव ज्यांनीं मिळविला त्यांनीं तो ग्रंथांत न लिहितां मुलाच्या किंवा शिष्याच्या हातांत घातला होता.

कोंकणांतील वाचकाचें लक्ष ह्या वृत्तांतांतील काताकडे गेल्यावांचून राहणार नाहीं. खैराच्या लांकडापासून निघणारा हा तुरट पदार्थ आपल्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला. कातकरी ह्या जमातीचें नांवच त्यावरून पडलें. जखमेचा सांधा आंवळून धरण्याचें काम तो चांगलें करी. ह्याच काताची दुसरी संगत आपल्याला पुढें पाहावयाची आहे.

ज्या १७९४ सालीं महादजी शिंद्यांचा वानवडीस अंत झाला, त्याच सालीं कावसजीच्या नाकाची हकीकत लंडनला पोंचली. मुंबई इलाख्यांतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या दोन डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जेम्स वेल्स ह्या चित्रकारानें जानेवारींत कावसजीचें चित्र काढलें. आणि 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकांत चित्रासह सर्व वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्या काळीं पुण्याच्या दप्तरांत गांवोगांवच्या महसुलाची दिडकी न्‌ दिडकी लिहून ठेवली जात होती. कारकून होते, कागद होता, शाई होती. परंतु शरीराला गेलेलें नाक परत देणारी विद्या ही दप्तरीं दाखल करण्याची वस्तु आहे असें कोणास वाटलें नाहीं, आणि ती ज्या जातीच्या हातांत होती तिच्यापर्यंत लेखणी पोंचली नव्हती.

लंडनमध्यें ती हकीकत जोसेफ कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें वाचली. त्यानें मृत देहांवर पुनःपुन्हां प्रयोग करून पाहिले. पुण्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या सर चार्लस मॅलेट ह्यांच्याकडेहि चौकशी केली. आणि वीस वर्षें थांबून २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची युक्ति तेव्हां निघाली नव्हती. १८१६ सालीं त्यानें आपल्या दोन यशस्वी शस्त्रक्रियांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. १८१८ सालीं बर्लिनमध्यें ग्रेफ ह्यांनीं त्याच विषयावर जर्मन ग्रंथ लिहिला. आणि कपाळाच्या कातड्यानें नाक करण्याच्या ह्या रीतीस युरोपांत 'हिंदी पद्धति' असें नांव पडलें. तेव्हांपासून ती पुन्हां नाहींशी झाली नाहीं. १९६३ सालीं ग्लासगो येथील मॅक्ग्रेगर ह्यांनीं कर्करोग काढल्यावर तोंडांत पडलेली पोकळी भरून काढण्यासाठीं कपाळाचेंच कातडें मुळासकट फिरवून आंत नेलें. कपाळावर मेणाचा पत्रा ठेवणाऱ्या त्या माणसाचा विचार अशा रीतीनें कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंतहि येऊन बसला.

आपल्याकडे मात्र ही विद्या परत आली ती परकी होऊन. गोव्यांत १८४२ सालीं पोर्तुगीजांनीं वैद्यकशाळा काढली; मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. मालवणचा किनारा १८१२ पासून इंग्रजी अमलांत गेला होता, पण तेथल्या मनुष्यास शस्त्रक्रिया हवी असली तर गलबतांत बसून मुंबई गांठावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर गोहीन ह्यांनीं रुग्णसेवा केली. त्यांचा १९१९ सालीं वेंगुर्ल्यांतच जन्मलेला मुलगा पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व नंतर भारतांतील अमेरिकेचा राजदूत झाला. वेंगुर्ल्याचें मूल अमेरिकेंत विद्यापीठाच्या प्रमुखपदीं बसलें हें योग्यच झालें. पण वेंगुर्ल्याचा रोगी मात्र पुष्कळ काळ मुंबईच्या वाटेवरच राहिला.

ह्या भागावर शस्त्र चालविणाऱ्याला तीन शत्रु आडवे येत : वेदना, पू आणि रक्त. पैकीं वेदना प्रथम जिंकली गेली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें ईथर हुंगवून भूल दिली व वॉरन ह्यांनीं रोग्याची गांठ काढली. ही गांठ जबड्याखालीं मानेंत होती; म्हणजे ज्या शस्त्रक्रियेनें भुलेची कीर्ति जगभर झाली ती मानेवरचीच होती. पुवाचा बंदोबस्त १८६७ पासून लिस्टर ह्यांच्या जंतुनाशक पद्धतीनें होऊं लागला. रक्त मात्र राहिलें. चेहरा व मान हा भाग रक्तवाहिन्यांच्या जाळ्यानें भरलेला आहे. नाक जोडणाऱ्याला हें रक्त वरदान असतें, कारण त्यामुळेंच कातडें जगतें. गांठ कापणाऱ्याला तेंच विघ्न होतें, कारण रक्त भरलेल्या जखमेंत सुरीला वाट दिसत नाहीं.

घशाच्या तळाशीं तर पाहण्याचीच अडचण होती. जिवंत मनुष्याचे स्वरतंतु हलतांना नीट पाहण्याचा मान डॉक्टराला मिळाला नाहीं. तो मॅन्युएल गार्सिया ह्या गायनशिक्षकाला मिळाला. १८५४ सालीं त्यानें दंतवैद्याचा लहानसा आरसा घशांत धरून सूर्यप्रकाशांत आपलेच स्वरतंतु पाहिले. आवाज कोठून येतो हें अशा रीतीनें दिसलें; परंतु तेथें रोग झाला तर आवाज राखून रोग कसा काढावा हें कोणास ठाऊक नव्हतें. १८७३ च्या ३१ डिसेंबरला व्हिएन्ना येथें बिलरोथ ह्यांनीं कर्करोगासाठीं एका रोग्याचें संपूर्ण स्वरयंत्र काढलें. शस्त्रक्रिया पार पडली, पण कांहीं महिन्यांनीं रोग उलटून रोगी वारला. पुढें ही शस्त्रक्रिया सुधारली व तिनें असंख्य जीव वांचले. तथापि त्या प्रत्येक जिवाला मानेला पाडलेल्या छिद्रांतून श्वास घ्यावा लागे आणि आपला मूळचा आवाज कायमचा द्यावा लागे. १९०६ सालीं अमेरिकेंतील क्राइल ह्यांनीं मानेंतील रोगट गांठी एकत्र काढण्याची रीत मांडली. तींत खांदा लुळा पडे. जीव वांचविण्याच्या कामीं शस्त्र पुढें जात होतें, पण जीव वांचला म्हणजे शिल्लक काय राहिलें हें विचारण्याचें धैर्य थोड्यांनाच होई.

रक्तावर पहिला मोठा विजय विजेनें मिळविला. १९२६ च्या १ ऑक्टोबरला बोस्टन येथेंच हार्वी कुशिंग ह्यांनीं बोव्ही ह्या शास्त्रज्ञानें तयार केलेल्या विद्युत्‌यंत्रानें डोक्याच्या कवटीवरील रक्ताळ गांठ काढली. विजेची ही सुरी कापतां कापतां रक्तवाहिन्या जाळून बंद करी. मात्र तिची उष्णता आजूबाजूच्या निरोगी मांसांतहि पसरे. स्वरतंतूसारख्या, कांहीं मिलिमीटर रुंदीच्या नाजुक जागीं असा जाळ परवडणारा नव्हता. तेथें हवी होती अशी धार, जी स्पर्श न करतां कापील, कापतांच रक्त थोपवील आणि केसभर बाजूच्या भागास धक्का लावणार नाहीं.

ती धार प्रकाशांत सांपडली. १९१७ सालीं आइन्स्टाइन ह्यांनीं गणितानें असें दाखविलें होतें कीं, उत्तेजित झालेल्या अणूवर योग्य प्रकाशकिरण पडला तर तो अणु अगदीं त्याच्या जोडीचा दुसरा किरण बाहेर टाकतो. एकाचे दोन, दोहोंचे चार असे एकाच जातीचे, एकाच दिशेचे, एका तालावर चालणारे किरण गोळा झाले म्हणजे जो प्रकाश तयार होतो तोच लेसर. दिव्याचा प्रकाश जत्रेंतल्या गर्दीसारखा दाही दिशांना फांकतो; लेसरचा प्रकाश कवायतीच्या पलटणीसारखा चालतो. १६ मे १९६० रोजीं कॅलिफोर्नियांत थिओडोर मेमन ह्यांनीं माणकाच्या कांडींतून असा पहिला प्रकाश काढला. पण तो क्षणाक्षणाला थांबे. सलग कापण्याच्या कामाचा तो नव्हता.

येथें बारामती येते. चंद्रकुमार नारणभाई पटेल ह्यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९५८ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, आणि १९६१ सालीं डॉक्टरेट मिळवून बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत लागले. तेथें १९६४ सालीं त्यांनीं कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर तयार केला. ज्या वायूला आपण श्वासाबरोबर टाकून देतों त्याच वायूच्या रेणूंना त्यांनीं कामाला लावलें. नायट्रोजनच्या रेणूंना विजेनें उत्तेजित करावें, त्यांनीं आपली शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना द्यावी, आणि त्या रेणूंनीं ती प्रकाशाच्या रूपानें सोडावी, अशी ही योजना. पुढें हीलियमची जोड मिळाल्यावर ह्या प्रकाशाची शक्ति झपाट्यानें वाढली आणि तो अखंड चालूं लागला.

हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं. त्याच्या लहरीची लांबी १०·६ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रंगाच्या पुष्कळ पलीकडे आहे. त्याचा एक गुण शस्त्रवैद्याच्या फार उपयोगी पडला. पाणी ह्या किरणांना चटकन्‌ शोषून घेतें, व आपल्या शरीराचें मांस बहुतांशीं पाण्याचेंच आहे. त्यामुळें हा किरण मांसावर पडला कीं वरच्या थरांतील पाण्याची तत्काळ वाफ होते आणि मिलिमीटरच्या अल्पशा अंशापलीकडे उष्णता आंत शिरत नाहीं. सुमारें अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या बारीक रक्तवाहिन्या कापतां कापतांच मिटून जातात. मेणबत्तीच्या ज्योतीनें लोण्यावर ओढलेली रेघ आणि हा किरण ह्यांत हाच फरक कीं, ज्योत आजूबाजूचें लोणीहि वितळविते, हा वितळवीत नाहीं.

बोस्टन शहर तिसऱ्यांदां ह्या इतिहासांत येतें तें ह्याच किरणासाठीं. तेथील गेझा जाको व स्टुअर्ट स्ट्राँग ह्यांनीं तो सूक्ष्मदर्शकाला जोडला, प्रथम कुत्र्यांच्या स्वरतंतूंवर पारखला, आणि १९७२ सालीं मनुष्याच्या स्वरयंत्रावरील आपले पहिले अनुभव प्रसिद्ध केले. भूल दिलेल्या रोग्याच्या तोंडांतून एक पोकळ नळी स्वरयंत्रापर्यंत घालतात. डॉक्टर सुमारें चाळीस सेंटिमीटर अंतरावरून सूक्ष्मदर्शकांत पाहतो. कापणारा किरण अदृश्य असल्यामुळें त्याच्याबरोबर एक तांबडा ठिपका सोडलेला असतो, आणि डॉक्टर एका बारीक दांडीनें तो ठिपका हवा तेथें फिरवितो. मानेवर चीर नाहीं, बाहेर व्रण नाहीं. रोग तोंडाच्या वाटेनें निघतो. ज्या लहान मुलांच्या घशांत चामखिळीसारखे कोंब पुनःपुन्हां येऊन श्वास कोंडतो त्यांना ह्याचा मोठा आधार झाला. पुढें जर्मनींत श्टायनर ह्यांनीं ह्याच पद्धतीनें घशाचे कर्करोग काढण्यास सुरुवात केली व गांठ अखंड काढावी हा जुना दंडक मोडून ती कापून, आंतून तिची मर्यादा पाहून, निरोगी भाग शक्य तेवढा राखण्याची रीत रूढ केली. आरंभींच्या अवस्थेंतला स्वरतंतूचा कर्करोग आज दहांपैकीं सुमारें नऊ रोग्यांत बरा होतो, आणि रोग्याचा आवाज, थोडा घोगरा झाला तरी, त्याचाच राहतो.

ह्या सुरीचे दोषहि सांगितले पाहिजेत. श्वासनळींत प्राणवायु असतो, आणि तेथेंच भुलेची नळी असते. किरण चुकून तिच्यावर पडला तर घशांत आग लागूं शकते. म्हणून विशेष वेष्टणाच्या नळ्या, त्यांच्या फुग्यांत हवेऐवजीं पाणी, भोंवतीं ओला कापूस आणि सर्वांच्या डोळ्यांवर चष्मे, एवढा बंदोबस्त करावा लागतो. मोठी रक्तवाहिनी तिला बंद करतां येत नाहीं. हाडावर ती निरुपयोगी आहे. आणखी एक दोष विचार करण्यासारखा आहे. ज्या भागाची वाफ झाली तो भाग सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यासाठीं उरत नाहीं. तोंडांतील पांढरा चट्टा तपासणीसाठीं तुकडा न घेतां नुसता जाळून टाकला, तर त्यांत कर्करोग होता कीं नव्हता ह्याची नोंदच नाहींशी होते. नोंदीवांचून विद्येचें काय होतें हें पुण्याच्या उदाहरणावरून आपण पाहिलेंच आहे.

ह्याच्या उलट उदाहरण मुंबईचें आहे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तोंडाचा कर्करोग लहान असतांना मानेंतील गांठी आधींच काढाव्या, कीं त्या वाढल्या तरच काढाव्या, हा वाद जगांत पुष्कळ वर्षें चालला होता. ह्या रुग्णालयांतील डॉक्टर अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांचे दोन गट करून, वर्षानुवर्षें त्यांचा मागोवा घेऊन, २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले : आधींच गांठी काढलेल्या रोग्यांपैकीं तीन वर्षांनीं शेंकडा ८० जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकीं शेंकडा ६७·५. ह्या निष्कर्षाला नवीन यंत्र लागलें नाहीं. शस्त्र जुनेंच होतें, नवी होती ती चिकाटीनें ठेवलेली वही. त्या वहीनें जगभरच्या शस्त्रवैद्यांची पद्धति बदलली.

आतां किनाऱ्यावर येऊं. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर ह्या देशांत आली, आणि अकबराच्या दरबारीं असद बेगानें ती नेली ती विजापुराहूनच. समुद्रावर रात्र काढणाऱ्या खलाशाच्या गालांत ती बसली. किनाऱ्यावर घराघरांत ती भाजून, कुटून, मशेरी होऊन बायकांच्या दांतांवर आली. सुपारीच्या बागा ही तर आपल्या गांवांची शोभा, आणि पानाचा विडा हा आपला सत्कार. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखूशिवाय खाल्लेली सुपारीहि मनुष्यास कर्करोग करते असा निर्वाळा दिला आहे. ज्या कातानें कावसजीच्या नाकाचा सांधा धरला, तोच कात विड्यांतून आणि गुटख्यांतून ह्या संगतींत येऊन बसला. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०१२ मध्यें गुटख्याला बंदी केली. मशेरीचा डबा मात्र कोणत्याहि बंदीच्या आधीपासून चुलीजवळच्या फळीवर आहे.

गालाच्या आंतल्या बाजूचा कर्करोग वाढून जबड्याच्या हाडांत गेला म्हणजे तेथें प्रकाशाच्या सुरीचा उपयोग संपतो. मग हाड करवतीनें कापावें लागतें, मान उघडावी लागते, आणि गेलेल्या गालाच्या जागीं शरीराच्या दुसऱ्या भागाचें कातडें व मांस आणून बसवावें लागतें. लेसरची दया फक्त लवकर आलेल्या रोग्यावर आहे. लवकर आलेल्याला ती खरोखरच मोठी दया आहे. स्वरतंतूचा लहान रोग क्ष-किरणांसारख्या विकिरणांनींहि तितकाच बरा होतो, परंतु त्यासाठीं सामान्यतः पांच-सहा आठवडे जवळजवळ रोज रुग्णालयांत जावें लागतें. लेसरनें तें काम एक-दोन दिवसांत आटपतें. मुंबईकराला हा फरक सोयीचा वाटेल. देवगडच्या किंवा मालवणच्या मच्छीमाराला तो संसाराचा आहे. पांच आठवडे मुंबईंत बिऱ्हाड करणें म्हणजे होडी बांधून ठेवणें, आणि होडी बांधली कीं चूल बंद.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सुरू झाली. गेल्या कांहीं वर्षांत जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाचीहि सोय झाली आहे. टाटा स्मारक रुग्णालयानें रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या भागांतील खेड्यांत जाऊन स्त्रियांच्या तपासणीचें काम केलें, त्यांत तोंडाच्या तपासणीचा समावेश होता. हें काम यंत्राचें नव्हे. ओठ मागें सारून, जीभ उचलून, दोन्ही गालांच्या आंत विजेरीच्या उजेडांत पाहावयाचें असतें, आणि त्याला दोन मिनिटें पुरतात. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, हळूहळू कमी उघडूं लागलेलें तोंड, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर डॉक्टराकडे जावें. ही गोष्ट सांगावयास सोपी व घडावयास कठीण आहे. कारण घरांतली आजी तोंड दुखतें म्हणून आणखी थोडी मशेरी लावते, आणि तोंड उघडून दाखविण्यास लाजते. ज्या अवयवांत अब्रू राहते असें आपण मानलें, ते अवयव परक्यापुढें उघडणें हेंच तिला अब्रूचें उल्लंघन वाटतें.

म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयांत लेसरचें यंत्र असावें ही मागणी रास्त असली तरी ती एकटी पुरेशी नाहीं. त्याच्या आधीं प्रत्येक वाडींतल्या वयस्क माणसाचें तोंड वर्षांतून एकदां पाहिलें जावें, आणि काय दिसलें तें वहींत लिहिलें जावें. पुण्याच्या कारागिराचें नांव नाहींसें झालें आणि बारामतीस जन्मलेल्या शास्त्रज्ञाचें नांव जगाच्या ग्रंथांत राहिलें, ह्यांतील भेद त्या दोघांच्या बुद्धीचा नाहीं; एकाच्या बाजूस लिहिणारा कोणी नव्हता आणि दुसऱ्याच्या बाजूस होता. रोग्याच्या बाबतींतहि तसेंच आहे. ज्याचा चट्टा वेळेवर पाहून लिहिला गेला, त्याच्यासाठीं बोस्टनची आणि बारामतीची सर्व विद्या कामास येते. ज्याचा गेला नाहीं, त्याच्यासाठीं ती असून नसल्यासारखी आहे. हें काम आरोग्यसेविकेचें आहे, शाळामास्तरांचें आहे, आणि सुशिक्षित घरांतल्या त्या सुनेचेंहि आहे, जी सासूबाईंच्या हातांतला मशेरीचा डबा बाजूला ठेवून, 'आई, जरा तोंड उघडा बघूं,' असें म्हणूं शकेल.